घरी बांधलेल्या सीएनसी यंत्राच्या मोटारी आणि त्यांचा कारभार

संगणकाच्या हुकुमावरून लाकूड, अॅक्रिलिक किंवा अॅल्युमिनियम कापणारे आणि कोरणारे जे यंत्र कारखान्यांतून, आणि आता सुतारांच्या शेडमधूनही, सीएनसी या आद्याक्षरांनीच ओळखले जाते, ते आपल्या हाताने आपल्याच घरी बांधावे अशी उमेद धरणारांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, देव्हाऱ्यांच्या कमानी व दरवाजांची नक्षी करून देणारे कारागीर, निवृत्तीनंतर हाताला काम हवे असलेले यंत्रविशारद अशा नाना प्रकारच्या मंडळींचा त्यांत समावेश आहे. त्यांच्याशी बोलताना असे ध्यानात येते, की सांगाड्याविषयी त्यांच्या मनात फारसा संभ्रम नसतो. लोखंड डोळ्यांना दिसते, हाताला लागते, आणि त्याचे गुणदोष परिचयाचे असतात. संभ्रम सुरू होतो तो मोटारी, त्यांना प्रवाह पुरवणारे ड्रायव्हर, वीजपुरवठा आणि या सर्वांवर हुकूम चालवणारा नियंत्रक यांची निवड करण्याची वेळ येते तेव्हा. ‘कोणता बोर्ड घेऊ?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि माझ्या मते येथेच मूळ घोटाळा आहे. कारण बोर्डाचा, म्हणजे नियंत्रकाचा, प्रश्न या मालिकेत शेवटचा आहे. आधी टूल किती वेगाने आणि किती जोराने माल कापणार हे ठरावे, त्यावरून स्क्रू ठरावा, स्क्रूवरून मोटार, मोटारीवरून वीजपुरवठ्याचा दाब व ड्रायव्हर, आणि या सर्वांची मागणी कागदावर उतरल्यानंतर ती पुरवू शकेल असा नियंत्रक पाहावा. हा क्रम सोडून केलेली खरेदी पुढे पुन्हा खरेदी करायला लावते, आणि मर्यादित द्रव्यबळावर यंत्र उभारणाऱ्या माणसाला तो भुर्दंड जड जातो, म्हणूनच हा आढावा थोडा विस्ताराने घेण्याचे योजिले आहे.

या विद्येचा उगम अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे झाला. तेथील जॉन पार्सन्स या कारखानदारापुढे हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्राकृती बिनचूक कापण्याचा प्रश्न होता. त्याच्या कल्पनेवर पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत काम झाले आणि १९५२ साली छिद्रांकित फितीवरून हुकूम घेणारे मिलिंग यंत्र प्रात्यक्षिकासह दाखवण्यात आले. त्या यंत्राचा नियंत्रक निर्वात नळ्यांनी भरलेला असून त्याचा पसारा यंत्राच्या तोडीचा होता. आज तेच काम नखाएवढी चिप करते. परंतु चिप लहान झाली म्हणून लोखंडी गॅन्ट्रीचे, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या कमानीचे, जडत्व लहान झालेले नाही, आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह वाढण्यास जो वेळ लागतो तोही निसर्गनियमानेच लागतो. तेव्हा निवडीचा विचार या दोन गोष्टींपासून सुरू करणेच इष्ट.

विवेचनाला काही आधार असावा म्हणून एक ठरावीक यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. साधारण एक मीटर लांबीचा, सोळा मिलिमीटर व्यासाचा बॉलस्क्रू, सुमारे १५ किलोग्रॅम वजनाची गॅन्ट्री, आणि मुख्यतः लाकूड व प्लायवुड कापण्याचे काम, क्वचित अॅल्युमिनियमची पट्टी. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत आहे, टूलला दोन धारा आहेत आणि प्रत्येक धारेने लाकडाचा ०.१५ मिलिमीटर जाडीचा छिलका काढावा असे धरले, तर तिन्हींच्या गुणाकाराने फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ५,४०० मिलिमीटर येतो. अॅल्युमिनियमसाठी एक धारेचे टूल आणि ०.०४ मिलिमीटरचा छिलका धरला, तर हाच आकडा अवघ्या ७२० वर उतरतो. म्हणजे लाकडाचे यंत्र आणि धातूचे यंत्र यांची गरज वेगाच्या बाबतीत सातपटींहून अधिक भिन्न आहे, आणि दोन्ही कामे एकाच यंत्रावर सारख्याच उत्तम रीतीने व्हावीत ही अपेक्षा करणाऱ्याने प्रथम हा आकडा मनात ठसवावा. लाकडासाठी, एका फेऱ्यात १० मिलिमीटर सरकवणारा स्क्रू घेतला तर मोटारीला मिनिटाला ५४० फेरे पुरतात. ५ मिलिमीटरचा घेतला तर १,०८० लागतात, आणि पुढे दिसून येईल की पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटारीच्या दृष्टीने या दोन आकड्यांत फार मोठे अंतर आहे.

आता टॉर्कचा हिशेब. १० मिलिमीटरच्या बॉलस्क्रूची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर मोटारीचा एक न्यूटन-मीटर टॉर्क स्क्रूच्या टोकाशी सुमारे ५६५ न्यूटन इतका रेटा देतो. लाकूड कापताना अशा हलक्या यंत्रावर १०० न्यूटनचा प्रतिकार धरणे पुरेसे उदार आहे, त्यासाठी ०.१८ न्यूटन-मीटर लागेल. गॅन्ट्रीला प्रतिसेकंद एक मीटर प्रतिसेकंद या दराने वेग द्यायचा म्हटले तर जडत्व पाहावे लागते, आणि येथे एक अशी गोष्ट आढळते जी पुष्कळांच्या कल्पनेतही नसते. १५ किलोग्रॅमची गॅन्ट्री स्क्रूच्या माध्यमातून मोटारीला केवळ ३८० ग्रॅम-वर्गसेंटिमीटरइतकी जड भासते, आणि स्वतः तो मीटरभर लांबीचा पोलादी स्क्रू मात्र सुमारे ५०० ग्रॅम-वर्गसेंटिमीटरचे जडत्व धारण करून असतो! मोटारीच्या स्वतःच्या रोटरचे जडत्वही साधारण त्याच मापाचे. गॅन्ट्री हलकी करण्यासाठी लोक जिवापाड धडपडतात, तिच्यात भोके पाडतात, आणि तिची दृढता घालवून बसतात. वास्तविक मोटारीवरील ओझ्याचा मोठा वाटा फिरणाऱ्या स्क्रूचा आणि रोटरचाच असतो. या सर्वांना गती देण्यास ०.०९ न्यूटन-मीटरच्या आत टॉर्क पुरतो. बेअरिंग व नट यांच्या घर्षणासाठी आणखी ०.१ धरावा. बेरीज ०.३७ च्या आसपास येते. निम्मा टॉर्क नेहमी शिल्लक असावा या नियमाने दुप्पट केली, तर पाऊण न्यूटन-मीटर ही आपली मागणी ठरते.

मोटारीच्या पेटीवर मात्र १.९, ३ किंवा ४ न्यूटन-मीटर असे आकडे छापलेले असतात, आणि ते वाचून गिऱ्हाईक म्हणतो की पाऊण मागितले आणि तीन मिळाले, मग चिंता कसली? चिंता अशी, की छापलेला आकडा हा स्थिर उभ्या मोटारीचा, म्हणजे होल्डिंग टॉर्कचा आहे. मोटार फिरू लागली की तो आकडा घसरू लागतो, आणि किती घसरतो हे मोटारीच्या आकारावर ठरत नसून तिच्या वेटोळ्याची प्रवर्तकता आणि तिला मिळणारा दाब या जोडीवर ठरते. सर्वसाधारण स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला १,८०० पावले, म्हणजे प्रत्येक पावलाला ०.५६ सहस्रांश सेकंद. एवढ्या अवधीत वेटोळ्यातील प्रवाह पूर्णत्वास गेला पाहिजे. मोटारीची प्रवर्तकता ३.२ मिलिहेन्री आणि प्रवाह २.८ अँपिअर धरला, तर २४ व्होल्टवर केवळ प्रवाह चढण्यातच ०.३७ सहस्रांश सेकंद, म्हणजे पावलाचा दोनतृतीयांश काळ, खर्ची पडतो; ४८ व्होल्टवर तोच खर्च एकतृतीयांशावर येतो. फिरत्या रोटरमुळे निर्माण होणारा विरोधी दाब यात धरलेलाच नाही. तो धरला तर २४ व्होल्टची स्थिती याहून बिकट होते. हेच गणित ६ किंवा ७ मिलिहेन्रीच्या, होल्डिंग टॉर्कचा मोठा आकडा मिरवणाऱ्या मोटारीला लावून पाहिले म्हणजे असे दिसते की २४ व्होल्टवर पाऊल संपण्याची वेळ येते तरी प्रवाह पूर्णत्वास गेलेलाच नसतो, आणि कागदावर बलाढ्य असलेली ती मोटार भर वेगात आपल्या धाकट्या भावंडापेक्षा दुबळी ठरते.

ड्रायव्हर बनवणाऱ्यांमध्ये या संदर्भात एक व्यवहारोपयोगी सूत्र रूढ आहे: मिलिहेन्रीतील प्रवर्तकतेचे वर्गमूळ काढावे, त्याला ३२ ने गुणावे, आणि येईल तो त्या मोटारीला द्यावयाच्या दाबाचा वरचा आकडा समजावा. ३.२ मिलिहेन्रीला तो ५७ व्होल्ट येतो, ६.८ ला ८३ व्होल्ट. बाजारात सहज मिळणाऱ्या ड्रायव्हरांची मर्यादा ५० व्होल्टच्या आसपास असल्यामुळे दुसऱ्या मोटारीला न्याय देणे त्यांना शक्यच नसते. म्हणून माझी शिफारस अशी, की या मापाच्या यंत्रासाठी ५७ मिलिमीटर चौकोनी तोंडाची, जिला सर्वत्र नेमा २३ म्हणतात, ती मोटार घ्यावी. होल्डिंग टॉर्क दोन न्यूटन-मीटरच्या आगेमागे असला तरी पुष्कळ झाला. प्रवर्तकता मात्र चार मिलिहेन्रीच्या आत असावी, आणि विकणाऱ्याकडे त्या दाबावरील टॉर्क व वेग यांचा आलेख मागावा. जो तो देऊ शकत नाही त्याच्याकडची मोटार स्वस्त असली तरी घेऊ नये. आठ तारांची मोटार मिळाल्यास वेटोळी समांतर जोडावीत. मालिकेत जोडल्याने प्रवर्तकता चौपट होते आणि वरचा सारा विचार व्यर्थ जातो. त्रिमितीय छपाईयंत्रांमुळे स्वस्त झालेली ४२ मिलिमीटरची नेमा १७ मोटार पेन चालवण्यास किंवा लेझर फिरवण्यास ठीक आहे. लाकूड कापणाऱ्या यंत्रावर ती लावू नये. उलट टोकाला ८६ मिलिमीटरची नेमा ३४ आहे. तिचा रोटर इतका जड असतो की आपल्या यंत्रावर तिची शक्ती स्वतःलाच फिरवण्यात जाते.

सूक्ष्मपावलांविषयी, म्हणजे एका पूर्ण पावलाचे आठ किंवा सोळा भाग करण्याच्या सोयीविषयी, दोन शब्द आवश्यक आहेत, कारण तिच्यावर अवाजवी भिस्त ठेवली जाते. आठ भाग केले म्हणजे १० मिलिमीटरच्या स्क्रूवर नियंत्रकाकडून ड्रायव्हरला येणाऱ्या एका स्पंदाला ०.००६ मिलिमीटर हा आकडा कागदावर मिळतो. पण अशा एका भागाइतके रोटर ढळले असता त्याला जागेवर ओढणारे बल होल्डिंग टॉर्कच्या वीस टक्क्यांच्या आतच असते, आणि सोळा भागांना तर दहा टक्क्यांच्या आत. सूक्ष्मपावलांनी चाल गुळगुळीत होते, मंद वेगातील कंप व आवाज निमतात, आणि एवढ्यासाठी त्या अवश्य वापराव्यात; अचूकता मात्र स्क्रूकडून, नटाकडून आणि सांगाड्याच्या दृढतेकडूनच यायची.

ड्रायव्हरांत दोन जाती स्पष्ट दिसतात. ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ यांसारख्या चिमुकल्या पट्ट्या छपाईयंत्रांसाठी जन्मल्या आणि तेथेच शोभतात. टीबी६६०० या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूच्या पेट्या स्वस्त असल्याने पुष्कळांच्या पदरी पडतात, पण त्या नावाखाली आत प्रत्यक्षात निराळीच चिप असण्याचे प्रकार सर्रास आहेत आणि छापील प्रवाहावर विसंबता येत नाही. त्यामानाने डीएम५४२ च्या धर्तीचे, अंकीय पद्धतीने प्रवाह सांभाळणारे ड्रायव्हर थोडे महाग पडले तरी मधल्या वेगात स्टेपर मोटारीला जो अनुनाद ग्रासतो आणि पावले चुकवतो, तो ते पुष्कळ अंशी दाबून टाकतात. या एका गुणासाठी जादा खर्च करावा, असे माझे निश्चित मत आहे. आणि एक इशारा: वीज चालू असताना मोटारीची तार ड्रायव्हरपासून कधीही सोडू नये, वेटोळ्यात साठलेली ऊर्जा त्या क्षणी उसळते आणि ड्रायव्हर जळतो.

वीजपुरवठ्याचा दाब ठरवताना ड्रायव्हरच्या मर्यादेला खेटून राहण्याचा मोह होतो, तो आवरावा. गॅन्ट्री एकाएकी थांबते तेव्हा मोटार क्षणभर जनित्र बनते आणि पुरवठ्याचा दाब वर ढकलते. ५० व्होल्ट मर्यादेच्या ड्रायव्हरला ४८ व्होल्टचा पुरवठा जोडणाऱ्याने या ढकलण्यासाठी जागाच ठेवलेली नसते. अशा ड्रायव्हरला ३६ ते ४२ व्होल्ट द्यावेत. पूर्ण ४८ हवे असतील तर ८० व्होल्ट मर्यादेचा ड्रायव्हर घ्यावा. जे लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतात त्यांनी तर विशेष जपावे. ३५ व्होल्ट दुय्यम दाबाचा ट्रान्सफॉर्मर दिष्टीकरणानंतर सुमारे ४८ व्होल्ट देतो, परंतु तो २३० व्होल्टच्या वाहिनीवर. आपल्याकडे रात्री भार उतरला की वाहिनीचा दाब चढतो. तो दहा टक्क्यांनी चढून २५३ झाला तर तेच ४८ व्होल्ट ५३ होतात, आणि सकाळी ड्रायव्हर मेलेला आढळतो. स्थिर दाब देणारा एसएमपीएस या बाबतीत निर्धोक. प्रवाहाचा अंदाज सर्व मोटारींच्या छापील प्रवाहाच्या बेरजेच्या दोनतृतीयांश धरावा, २.८ अँपिअरच्या चार मोटारींना साडेसात अँपिअर पुरतात.

येथपर्यंत विचार झाला तो खुल्या पद्धतीच्या स्टेपरचा, ज्यात हुकूम दिला की तो पाळला गेला असे नियंत्रक गृहीत धरतो आणि त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. पाऊल चुकले तर यंत्र ते चुकीचे स्थान खरे मानून पुढे कापीत राहते. या दोषाला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे स्टेपरच्याच पाठीमागे फिरणे मोजणारा एन्कोडर बसवून त्याचा अहवाल ड्रायव्हरला देणे; बाजारात याला क्लोज्ड लूप स्टेपर म्हणतात. याचा खरा लाभ पाऊल चुकू नये हा नसून चुकलेच तर ड्रायव्हर धोक्याचा संकेत देतो हा आहे, आणि तो संकेत नियंत्रकापर्यंत तारेने नेला नाही तर एक अक्ष जागीच थांबतो, बाकीचे चालत राहतात, आणि जॉब खराब व्हायचा तो होतोच. तो संकेत न जोडता ही मोटार बसवणे म्हणजे पहारेकरी नेमून त्याची शिटी काढून घेणे होय. शिवाय एन्कोडर मोटारीच्या पाठीवर असतो; स्क्रू आणि नट यांमधील बॅकलॅश, म्हणजे सैलपणा, त्याला दिसत नाही.

दुसरा उपाय म्हणजे एसी सर्व्हो. उद्योगाचा इतिहास याच दिशेने गेला. जपानच्या फानुक कंपनीने आरंभी स्पंदांवर चालणाऱ्या विद्युत्-द्रविक मोटारी वापरल्या आणि १९७० च्या दशकात त्या सोडून डीसी सर्व्होचा अंगीकार केला. ४०० वॅटचा सर्व्हो १.२७ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंत जवळजवळ तसाच देतो, आणि क्षणमात्र त्याच्या तिप्पट. हे आकडे पाहून मन मोहरते खरे. पण आपला मीटरभर लांबीचा, सोळा मिलिमीटरचा स्क्रू, एक टोक घट्ट व दुसरे केवळ आधारलेले असताना, मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांच्या आसपास चाबकासारखा लवू लागतो. म्हणजे सर्व्होच्या वेगाचा एक तृतीयांश भाग या स्क्रूवर कधीच वापरता येत नाही. ज्याचा सांगाडा वेल्ड करून ताण काढलेल्या पोलादाचा आहे, स्क्रू जाड आहे आणि रोज आठ तास काम आहे, त्याने सर्व्हो अवश्य घ्यावा. अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांच्या यंत्रावर सर्व्हो बसवणाऱ्याने ते पैसे सांगाड्यात घातले असते तर अधिक बरे झाले असते. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या भंगारवाल्यांकडे मोडीत निघालेल्या यंत्रांचे उत्तम सर्व्हो पडून असतात हे खरे, पण त्यांचा एन्कोडर बहुधा त्याच कंपनीच्या गुप्त भाषेत बोलतो. जोडीचा ड्रायव्हर आणि दोघांमधली मूळ केबल एकत्र मिळत असेल तरच तो सौदा करावा.

आता नियंत्रकाकडे वळू. आपल्या उदाहरणातील यंत्राला मिनिटाला ५,४०० मिलिमीटर वेगासाठी, आठ सूक्ष्मपावलांवर, सेकंदाला १४,४०० स्पंद लागतात. सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ साली सुरू केलेली जीआरबीएल ही आज्ञावली अर्डुइनो उनोसारख्या अगदी साध्या बोर्डावर चालून सेकंदाला ३०,००० स्पंदांपर्यंत मजल मारते. म्हणजे आपली गरज तिच्या निम्म्यावर भागते. केवढे काम किती थोड्या साधनांत केले आहे! दोन किलोबाइट स्मृतीच्या चिपवर पुढच्या सोळा हालचालींचा आगाऊ विचार करून वेग चढवणे-उतरवणे साधणारी ही रचना, आणि ती सर्वांना मुक्तहस्ते दिलेली, हे आपल्या काळातील औदार्याचे एक ठळक उदाहरण मला वाटते. तिच्या उणिवाही आहेत: टूलच्या त्रिज्येची दुरुस्ती तिला येत नाही, आणि गॅन्ट्रीच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटारी असल्यास त्यांना आपापल्या लिमिट स्विचवर काटकोनात आणण्याची सोय मूळ रूपात सुलभ नाही. तिचेच वंशज असलेले फ्लुइडएनसी आणि जीआरबीएलहॅल ३२ बिटांच्या चिपांवर चालतात आणि हे दुसरे काम चोख करतात. आज नव्याने आरंभ करणाऱ्याने थेट त्यांच्यापासूनच आरंभ करावा.

लिनक्ससीएनसी या आज्ञावलीचे घराणे निराळे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, निस्टमध्ये, १९९० च्या दशकात तिचा पूर्वज तयार झाला आणि सरकारी काम असल्यामुळे तो सार्वजनिक मालकीचा राहिला. तात्काळ प्रतिसाद देणारे लिनक्स आणि मेसा कंपनीचे, स्पंदनिर्मिती स्वतःकडे घेणारे कार्ड अशी ही जोडी असेल तर सर्व्होला लागणारे सेकंदाला लाखो स्पंद, स्पिंडलच्या एन्कोडरशी जुळवून केलेले आटे पाडण्याचे काम, चौथा-पाचवा अक्ष, हे सर्व ती करते. दहा हजार स्पंदांवर एक फेरा घेणारा सर्व्हो ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला पाच लाख स्पंद मागतो. तेथे जीआरबीएल उनोवर चालणे अशक्य. घरी लेथला सीएनसी करणाऱ्याने दुसरीकडे पाहूच नये. मात्र तिचे संयोजन-दस्तऐवज स्वतः लिहावे लागतात, आणि ज्याला त्यात गोडी नाही त्याला ते जाचक वाटतील.

विंडोजवरील माच३ ने एका पिढीला हे शास्त्र शिकवले. त्याचे ऋण मान्य करूनही आज त्याची शिफारस करवत नाही, कारण संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून चालणारी त्याची मूळ रचना ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही आणि ते पोर्टही आता दुर्मिळ झाले आहे. व्यवसायासाठी यंत्र बांधणाऱ्या कारागिरांत हातात धरण्याचा, पेनड्राइव्हवरून फाइल घेणारा डीएसपी नियंत्रक लोकप्रिय आहे आणि ते योग्यच आहे: धुळीत संगणक ठेवावा लागत नाही, आणि वीज गेल्यास जेथे थांबले तेथून पुढे काम नेण्याची तरतूद त्यात असते. पण वीज परतल्यावर स्टेपरचा रोटर दोन पूर्ण पावलांपर्यंत, म्हणजे आपल्या स्क्रूवर ०.१ मिलिमीटरपर्यंत, उडी घेऊ शकतो; म्हणून होमिंग स्विच बसवून पुन्हा मूळस्थान घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या गावांत भारनियमन अजून चालू आहे तेथे होमिंग स्विच ही चैन नव्हे.

स्पिंडलविषयी थोडक्यात: दोन ध्रुवांचा, ४०० हर्ट्झवर २४,००० फेरे घेणारा दीड किंवा २.२ किलोवॅटचा स्पिंडल व वारंवारता बदलून त्याचा वेग सांभाळणारा व्हीएफडी ही या वर्गाची रूढ जोडी आहे, आणि तीत निवडण्यासारखे फारसे काही नाही. पण हाच व्हीएफडी सगळ्या यंत्रातील विद्युत्-गोंगाटाचा उगम आहे. स्पिंडल सुरू होताच संगणकाशी जोडलेली यूएसबी तुटते, लिमिट स्विच न दाबताच बोलतो, अक्ष आपोआप थांबतो. मग माणूस बोर्डाला दोष देतो, बोर्ड बदलतो, आणि दोष तसाच राहतो. उपाय साधे आहेत पण ते आरंभीच केले पाहिजेत. स्पिंडलची केबल धातूच्या जाळीने वेढलेली घ्यावी आणि ती जाळी व्हीएफडीच्या अर्थ-टर्मिनलला जोडावी; ती केबल संकेतांच्या तारांपासून दूर न्यावी आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. लिमिट स्विच ५ व्होल्टवर न चालवता २४ व्होल्टवर चालवून ऑप्टो-आयसोलेटरमधून आत घ्यावेत. स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने, म्हणजे सामान्य स्थितीत परिपथ जुळलेला असेल असेच जोडावेत, जेणेकरून तार तुटली तर यंत्र थांबेल. उलट जोडल्यास तुटलेली तार कोणालाच कळत नाही आणि गॅन्ट्री टोकाला आदळते. यूएसबीपेक्षा इथरनेटची जोडणी अधिक निर्वेध असते, कारण तिच्यात विद्युत्-पृथक्करण अंगभूतच आहे.

आणि आता ज्या विषयाची हेळसांड पाहून मला खरोखर क्लेश होतात तो. आणीबाणीचे लाल बटण पुष्कळ घरगुती यंत्रांवर नियंत्रकाच्या एका पिनला जोडलेले असते. म्हणजे ज्या नियंत्रकाची बुद्धी बिघडल्यामुळे ते दाबण्याची पाळी आली, त्याच नियंत्रकाला थांबण्याची विनंती करण्यात येते. बटणाने कॉन्टॅक्टरमार्फत ड्रायव्हरांचा वीजपुरवठा प्रत्यक्ष तोडला पाहिजे आणि व्हीएफडीला थांबण्याचा हुकूम स्वतंत्र तारेने गेला पाहिजे. बटण सोडल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. स्वस्त स्पिंडलांच्या जोडणीतील चौथी पिन आत स्पिंडलच्या धातूच्या कवचाला जोडलेलीच नसते असे पुष्कळदा आढळते. मीटर लावून तपासावे, आणि नसेल तर कवचाला वेगळी अर्थिंगची तार द्यावी. घरात लहान मुले असतात, कौतुकाने हात लावतात. २४,००० फेऱ्यांचे टूल आणि अर्थिंग नसलेले लोखंड यांच्यापासून त्यांचे रक्षण करणारा दुसरा कोणी नाही. ज्यांनी हे यंत्र बांधायला घेतले आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पहिली मोटार फिरवण्यापूर्वी घराच्या अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी, वाहिनीवर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा, आणि लाल बटण दाबून ड्रायव्हरांवरचे दिवे विझतात की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.